चौथ्या गाण्यावरून भांडणारे श्रोते

प्रश्न: मी गिरगावात राहते. स्वतः लिहिते, चाली बांधते आणि गाते. तीन वर्षांपूर्वी माझा पहिला अल्बम आला. सात गाणी, एक गिटार, एक आवाज, घरच्याच खोलीत रेकॉर्ड केलेला. लोकांना आवडला. सहा आठवड्यांपूर्वी दुसरा आला. यात नऊ गाणी आहेत, सिंथ आहे, ड्रम मशीन आहे, प्रोड्यूसर मित्र आहे. पहिला पांढरी पाचच्या पट्टीत गायले होते, हा काळी पाचच्या, म्हणजे चढ्या पट्टीत. आता प्रतिक्रिया दोन टोकांच्या येतायत. काही म्हणतात, ‘आता कुठे तुला तुझा आवाज सापडला.’ बाकीचे म्हणतात, ‘गिटारवाली मुलगी कुठे गेली’, ‘शब्दच कळत नाहीत’, ‘मराठीत हे असलं कशाला’. चौथं गाणं काहींना सगळ्यात जास्त आवडतं, काही जण ते मध्येच बंद करतात. अल्बम काढून घेऊन सगळा गिटारवर पुन्हा करू का? पाच आठवड्यांनी दोनशे खुर्च्यांच्या सभागृहात कार्यक्रम आहे, तिथे काय गाऊ? लोकांना उत्तरं द्यायची का? आणि ज्यांच्याकडे मी गाणं शिकले ते सर ऐकून फक्त ‘बरं आहे’ म्हणाले. ते सगळ्यात जास्त लागलंय.

उत्तर: अल्बम काढून घेऊ नका. बाकी सगळ्यावर बोलू, पण हे आधी, कारण पत्राच्या सुरावरून वाटतं की तुमचं बोट त्या बटणाजवळ आहे.

तुम्हाला श्रोत्यांचे दोन गट दिसतायत. पत्रातल्या प्रतिक्रिया एकेक करून वाचल्या तर आम्हाला चार वेगळ्या गोष्टी दिसतात. ‘शब्द कळत नाहीत’ ही ध्वनीची तक्रार आहे, आणि ती खरी असेल तर दुरुस्त करता येते. ‘गिटारवाली मुलगी कुठे गेली’ ही सवयीची. तिला वेळ द्यावा लागतो. ‘मराठीत हे असलं कशाला’ ही तुमच्या अल्बमबद्दल नाहीच, तिचं काही करू नये. चौथ्या गाण्यावरून जे भांडण चाललंय ती तर तक्रारच नाही. एकाच जागी एकाला काटा येतो आणि दुसरा उठून जातो, तेव्हा त्या जागेत काहीतरी आहे. ते गाणं आहे तसंच ठेवा.

या गोष्टी एकमेकींत किती सहज मिसळतात पाहा. २५ जुलै १९६५ला अमेरिकेत न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात बॉब डिलन इलेक्ट्रिक गिटार आणि बँड घेऊन तीन गाणी गायला आणि प्रेक्षकांतून हुर्यो उठली. लोकसंगीत सोडून रॉककडे गेला म्हणून ती उठली, असं जगभर सांगितलं जातं. पण ध्वनी इतका खराब होता की आवाज ऐकूच येत नव्हता, म्हणून लोक चिडले, असं सांगणारेही तिथे हजर असलेलेच आहेत. इतक्या वर्षांनीही तो वाद मिटलेला नाही. तुमच्याकडे मात्र प्रतिक्रिया ताज्या आहेत, त्या आत्ता निवडून वेगळ्या करता येतील.

एक वही घ्या. आलेल्या प्रतिक्रियांपैकी ज्यांत एखाद्या गाण्याचं नाव किंवा ओळ आहे तेवढ्याच उतरवा, त्यांच्याच शब्दांत. नुसतं ‘अप्रतिम’ आणि नुसतं ‘बोअर’ दोन्ही सोडून द्या. त्यातून मन हलतं, माहिती मिळत नाही. प्रत्येक नोंदीपुढे तीन गोष्टी लिहा: गाणं कोणतं, त्यातली जागा कोणती, आणि हा माणूस पहिल्या अल्बमपासूनचा आहे की नवा. शक्य असेल तिथे कशावर ऐकलं तेही विचारा, फोनच्या स्पीकरवर, इअरफोनवर की घरच्या मोठ्या स्पीकरवर. तीस-चाळीस नोंदी झाल्या की चित्र दिसायला लागतं. एकमेकांना न ओळखणारी चार माणसं एकाच गाण्यातल्या एकाच कडव्यावर अडत असतील, तर तिथे खरोखर खड्डा आहे. सगळेच जुने श्रोते गिटारबद्दल बोलत असतील आणि नवा एकही बोलत नसेल, तर ती सवय आहे.

आकडे पाहायचे तर एकूण किती वेळा ऐकलं गेलं हा आकडा सध्या बाजूला ठेवा. प्रत्येक गाण्याला एका श्रोत्यामागे किती वेळा ऐकलं गेलं, आणि किती जणांनी जपून ठेवलं, हे पाहा. तुलना दुसऱ्या कोणाशी करू नका, तुमच्याच नऊ गाण्यांची आपापसांत करा. यूट्यूबवर व्हिडिओ असेल तर ‘यूट्यूब स्टुडिओ’मध्ये श्रोता कोणत्या सेकंदाला निघून जातो याचा आलेख मिळतो. तो वहीतल्या नोंदींशेजारी ठेवून वाचा. एक गोष्ट लक्षात असू द्या: स्पॉटिफाय ३० सेकंद ऐकल्याशिवाय ऐकलं असं धरत नाही. तुमच्या एखाद्या गाण्यात आवाज चाळीसाव्या सेकंदाला येत असेल, तर अनोळखी श्रोता तुमचा आवाज ऐकायच्या आधीच पुढे गेलेला असू शकतो. त्याने गाणं नाकारलेलं नाही, ते त्याच्यापर्यंत पोचलंच नाही.

आता शब्दांकडे येऊ, कारण आमच्या मते तुमच्या अल्बमचा मुख्य प्रश्न हाच आहे. मराठी श्रोता अभंग, नाट्यगीत, भावगीत यांवर वाढलेला असतो आणि गाण्यात आधी शब्द शोधतो. यशवंत देव ज्याला शब्दप्रधान गायकी म्हणायचे, तिची सवय कानाला इतकी आहे की शब्द निसटला की बाकी गाणं कितीही सुंदर असलं तरी माणूस बाहेर फेकला जातो, आणि मग तो म्हणतो, ‘गिटारच बरी होती’. म्हणजे गिटारची काही मागणी ही मुळात शब्दांची मागणी असू शकते.

तपासायची रीत सोपी आहे. गाणी न ऐकलेली आणि शब्द न वाचलेली पाच माणसं निवडा. फोनच्या स्पीकरवर, मध्यम आवाजात, एकदाच गाणं ऐकवा आणि मुखडा व पहिला अंतरा ऐकू आला तसा लिहायला सांगा. थांबवायचं नाही, मागे न्यायचं नाही. दुसऱ्या दिवशी त्यातल्या दोघांना दुसरं गाणं साध्या इअरफोनवर धावत्या लोकलमध्ये ऐकायला सांगा. तिथला खडखडाट खालच्या स्वरांवर बसतो आणि तुमचा बेस गिळून टाकतो. राहतं ते मधलं, जिथे शब्द असतात. पाचपैकी तिघांनी एकच शब्द चुकवला तर त्या शब्दाखाली रेघ मारा.

मग दोष कुठला ते ओळखायचं. काही दोष चालीतले असतात. ‘मन’ हा शब्द दोन मात्रांवर ताणला की ‘मान’ ऐकू येतो, ‘दिन’चा ‘दीन’ होतो. ‘आता नको’ हे समेच्या अलीकडे-पलीकडे तुटलं तर कानाला ‘आ तान को’ पोचतं, आणि हे तीन तुकडे जुळवेपर्यंत पुढची ओळ निघून गेलेली असते. ‘ळ’चा ‘ल’ झाला असेल तर तोही गाण्यातलाच दोष, मिक्सने (आवाज आणि वाद्यं एकत्र तोलण्याच्या कामाने) सुधारत नाही. पण ‘भार’चा ‘बार’ आणि ‘घार’चा ‘गार’ होत असेल तर मिक्सकडे पाहा. ‘भ’, ‘घ’, ‘ध’मधला हकार म्हणजे फक्त श्वासाची झुळूक. नॉइज काढणारं प्लगइन किंवा हळू आवाज बंद करणारं गेट जरा कडक लावलं की तीच झुळूक कचरा समजून कापली जाते. खोलीत रेकॉर्ड केलेल्या पहिल्या अल्बममध्ये पंख्याची घरघर राहिली असेल, पण तुमचे हकारही राहिले होते.

पट्टीचाही हात आहे. पांढरी पाचवरून काळी पाच म्हणजे तीन अर्धस्वर वर. तारसप्तकात गाताना तोंड जास्त उघडावं लागतं, मग ‘इ’, ‘ए’ आणि ‘अ’ एकमेकांसारखे होऊ लागतात आणि व्यंजनं पातळ पडतात. शिवाय पहिल्या अल्बममध्ये तुमच्या खालच्या सुरांचा जो ऊबदारपणा होता तो या पट्टीत येत नाही. ‘आपुलकी गेली’ असं कोणी लिहिलं असेल तर त्यामागे हे साधं कारण असू शकतं. ड्रम मशीन उगाच बदनाम होतंय.

तुमच्या मित्राकडे जाल तेव्हा ‘लोकांना आवडलं नाही’ असं म्हणू नका. रेघा मारलेला कागद न्या आणि नेमकं मागा. तुमचा आवाज एक ते दीड डेसिबल वर. सिंथचा पॅड (मागे सतत चालणारे लांब सूर) २,००० ते ४,००० हर्ट्‌झच्या पट्ट्यात दोन-तीन डेसिबल खाली, तोही फक्त आवाज चालू असताना. व्यंजनं याच भागात कळतात आणि पॅड नेमका तिथेच पसरून बसतो. रिव्हर्ब, म्हणजे आवाजामागची घुमणारी छटा, आवाजामागून ३० ते ४० मिलिसेकंद उशिरा सुरू व्हावा, म्हणजे शब्दाचा आरंभ कोरडा राहील, आणि त्या रिव्हर्बमधून ३०० हर्ट्‌झच्या खालचं काढून टाकावं. हाय-हॅट (ड्रममधल्या झांजा) मधोमध असेल तर थोडी बाजूला सरकवावी, ती ‘स’ आणि ‘श’वर बसते. रेघ मारलेले शब्द हाताने, एकेक करून उचलावेत. हे काम चिकाटीचं आहे आणि कोणत्याही यंत्रावर सोडता येत नाही. शेवटी सगळं अगदी हळू आवाजात ऐका. हळू आवाजात माणसाच्या कानाला बेस कमी ऐकू येतो (फ्लेचर आणि मन्सन यांनी हे १९३३मध्ये मोजून दाखवलं). स्टुडिओत मोठ्या आवाजात तोललेला मिक्स घरी वेगळाच लागतो तो त्यामुळेच. हळू आवाजात शब्द कळले तर मिक्स जमला.

मास्टर, म्हणजे अंतिम तयार ध्वनिमुद्रण, किती जोरात केलाय तेही विचारा. स्पॉटिफाय सर्वसाधारणपणे गाणी उणे १४ एलयूएफएसच्या (हे आवाजाचा जोर मोजायचं एकक) आसपास आणून वाजवतं, ॲपल म्युझिकचं साउंड चेक उणे १६च्या. तुमचा मास्टर उणे ८चा असेल तर तो स्पॉटिफायवर सरळ सहा डेसिबल खाली आणला जातो. जोर गेला, पण जोर मिळवण्यासाठी गाण्यातला हळू-मोठ्याचा जो फरक दाबला होता तो दाबलेलाच राहिला. त्याच यादीत शेजारी वाजणारी तुमची जुनी मोकळी गाणी मग जास्त जवळची वाटतात, आणि श्रोता म्हणतो, ‘आधीचं काहीतरी वेगळंच होतं.’ नव्या मिक्ससाठी उणे १२ ते उणे १४, आणि शिखर उणे १ डेसिबलच्या वर नको, एवढं सांगा.

नऊच्या नऊ गाणी गिटारवर पुन्हा करण्याचा बेत सोडा. प्रत्येक गाणं एकदा फक्त गिटार घेऊन, मेट्रोनोमशिवाय गाऊन पाहा. चाल आणि शब्द स्वतःच्या पायावर उभे राहतात अशी बहुधा तीन-चार निघतील, ती करा. जी गाणी ड्रमच्या ठेक्यातूनच जन्मली असतील, त्यांना गिटार म्हणजे उसना सदरा. शिवाय आर्थिक बाजू आहे. २०२४पासून स्पॉटिफायवर मागच्या १२ महिन्यांत किमान १,००० वेळा ऐकलं न गेलेल्या गाण्याला रॉयल्टी मिळत नाही. प्रत्येक गाण्याच्या दोन आवृत्त्या केल्या की ऐकणारे वाटले जातात आणि दोन्ही आवृत्त्या त्या रेषेखाली राहू शकतात.

नवा मिक्स असो की गिटारची आवृत्ती, प्रत्येक नव्या ध्वनिमुद्रणाला नवा आयएसआरसी क्रमांक, म्हणजे त्या ध्वनिमुद्रणाची स्वतंत्र ओळख, लागतो. हा बारा अक्षर-अंकांचा असतो आणि सहसा वितरकच देतो. जुन्याला हात लावू नका, लोकांनी आपापल्या याद्यांत ठेवलेली गाणी तुटतात. नव्याच्या नावापुढे ‘गिटार आणि आवाज’ किंवा ‘नवा मिक्स’ असं स्पष्ट लिहा. गीत आणि चाल मात्र एकच कृती आहे, आयपीआरएसकडे (गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणारी संस्था) तिची नोंद एकदाच होते. नवीन काही बाहेर काढायच्या आधी प्रोड्यूसर मित्राचा चालीत वाटा आहे का, असेल तर किती टक्के, हे कागदावर लिहून दोघांनी सही करा. मैत्री असताना हे अवघड वाटतं, म्हणूनच मैत्री असतानाच करायचं.

कार्यक्रमाला १३ गाणी पुरेत: सात नवी, सहा जुनी. प्रत्येकी साडेचार मिनिटं आणि मधलं बोलणं धरून ७५-८० मिनिटं होतील, एखाद्या वन्स मोअरला जागा उरेल. सुरुवात नव्या गाण्याने करा, पण फक्त गिटारवर. जुन्या श्रोत्याला ओळखीचा आवाज मिळतो आणि शब्द मात्र नवे असतात. त्यानंतर लगेच एक जुनं. ड्रम मशीनची तीन गाणी सलग मध्यावर घ्या, मांडामांड एकदाच होते आणि कानही त्या ध्वनीत स्थिरावतात. चौथं गाणं या तिघांत शेवटचं, पूर्ण लांबीचं, काहीही न कापता. जुनी सगळी शेवटाला राखून ठेवू नका, नाहीतर मधली गाणी लोक वाट पाहत ऐकतील.

नव्या गाण्यांची पट्टी एक अर्धस्वर उतरवा, पांढरी सहा घ्या. गिटारला दुसऱ्या घरात कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावून जीचे, म्हणजे पांढरी पाचचे, आकार वाजवलेत तर बोटांना पहिल्या अल्बमचीच सवय कामी येईल. सिंथचे ट्रॅक अर्धस्वर उतरवायचे असतील तर तयार ऑडिओ खाली खेचू नका, मित्राकडून मूळ सेशनमध्येच पट्टी बदलून घ्या. लॅपटॉप हेडफोनच्या भोकातून थेट मिक्सरला जोडू नका. लांब तारेत गुणगुण शिरते. ऑडिओ इंटरफेस आणि दोन डीआय बॉक्स (लांब तारेतली गुणगुण रोखणाऱ्या छोट्या पेट्या) सभागृहाच्या ध्वनिवाल्याकडे आधीच मागून ठेवा. लॅपटॉप आणि फोन दोन्ही एअरप्लेन मोडवर. साउंड चेकला ४५ मिनिटं धरा आणि क्रम आवाज, गिटार, शेवटी ट्रॅक असा ठेवा, कारण ट्रॅक आधी लावला की आवाज त्याच्यावर चढवत बसावं लागतं. एका मैत्रिणीला शेवटच्या रांगेत बसवा आणि कानावर पडेल ती ओळ मोठ्याने परत म्हणायला सांगा. माणसांनी भरलेलं सभागृह वरचे सूर शोषून घेतं, त्यामुळे रिकाम्या सभागृहात आवाज किंचित जास्त चमकदार वाटला तर कमी करायला सांगू नका. आणि कार्यक्रम रविवारी दुपारी असेल तर मेगाब्लॉकचं वेळापत्रक पाहून तिकिटाबरोबर कळवा. डोंबिवलीहून निघालेल्या श्रोत्याची पहिली दोन गाणी हुकली तर तो त्या दिवशीचा तुमचा सगळ्यात कठोर समीक्षक असेल.

प्रतिक्रियांना उत्तर द्यायचं ते फक्त गाण्याचं नाव घेऊन काही विचारणाऱ्यांना, एका ओळीत. गाण्याचा अर्थ समजावू नका, आपण का बदललो हेही नको. ‘शब्द कळत नाहीत’ म्हणणाऱ्याला ‘बरोबर आहे, शब्द आता इथे दिले आहेत’ एवढं पुरे, पण मग ते खरंच द्या. यूट्यूबच्या वर्णनात पूर्ण गीत देवनागरीत टाका, आणि म्युझिक्समॅच या गाण्यांचे शब्द साठवणाऱ्या संकेतस्थळावर ओळीगणिक वेळ लावून भरा, स्पॉटिफायवर शब्द तिथूनच दिसतात. हे काम दोन संध्याकाळींचं आहे आणि मिक्स सुधारायची वाटही पाहावी लागत नाही, म्हणून आजच सुरू करा. तुमच्या बाजूने भांडणाऱ्या मित्रांना मात्र थांबवा. त्यांच्यामुळे साधी नापसंती सांगणाराही हट्टाला पेटतो.

राहिले सर. ‘कसं वाटलं’ या प्रश्नाला ‘बरं आहे’ हेच उत्तर येतं, विशेषतः ज्या ध्वनीत ते वाढले नाहीत त्याबद्दल बोलताना. त्यांना सिंथबद्दल विचारू नका. त्यांच्या घरी जा, फोन बाहेर काढू नका, पेटीवर पांढरी सहा धरा आणि चौथ्या गाण्याचा फक्त दुसरा अंतरा त्यांच्यासमोर बसून गा. मग विचारा, ‘सर, यात शब्द कुठे तुटतोय?’ पेन्सिल आणि गाण्याचा कागद मांडीवर असू द्या. ते गाऊन दाखवतील तेव्हा त्यांनी श्वास कुठे घेतला तिथे खूण करा.